विश्वासाचं तूप

“तूप मात्र नारायणरावांच्याच दुकानातून आणा, सरोजिनीबाई. विश्वासाचं हवं,” मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि यादीतल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवून समिधांचं बोलू लागल्या. शिक्षिकांच्या खोलीत त्या वेळी पाचजणी होत्या. कुणाला काही खटकलं नाही. सरोजिनीला मात्र पुढचं समिधांचं काही ऐकूच आलं नाही. नारायणराव हे नाव तिनं दहा वर्षांत हजारदा मनात म्हटलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून, तेही ‘विश्वास’ ह्या शब्दाला चिकटून, ते आज पहिल्यांदा आलं. ती ‘बरं’ म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखाच निघाला ह्याचं तिला नवल वाटलं.

जानेवारी अर्धा सरला होता. साल बासष्ट. फेब्रुवारीच्या तीन, चार आणि पाच तारखांना आठ ग्रह मकरेत एकत्र येणार, पृथ्वी दुभंगणार, समुद्र गावात शिरणार असं पंचांगवाले सांगत होते आणि समुद्र कधी न पाहिलेलं सगळं धाराशिव त्या पाण्याला भ्यालं होतं. लग्नं लांबली. कापडाच्या दुकानात माशी हलेना. कुणी म्हातारीनं गाठीचं सोनं मोडून नातवंडांना पेढे आणले, की मरताना तोंड गोड असावं. आणि तूप! गल्लोगल्ली शांतियज्ञ ठरलेले, त्यामुळं साडेपाच रुपये शेरानं जाणारं तूप दहाला मिळेना. सकाळीच तिनं नववीच्या मुलींना फळ्यावर दोन रेषा काढून दाखवल्या होत्या, एक चढती, एक उतरती. मागणी, पुरवठा, जिथं छेद, तिथं भाव. “माणूस आपलं हित ओळखून वागतो, हे गृहीत धरायचं,” असं ती म्हणाली, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली होती, “बाई, पण जग बुडणारच असंल तर यज्ञाचं तूप घासाघीस करून का घेतात?” मुली हसल्या. तीही हसली. पुस्तकात ह्याचं उत्तर नव्हतं. तिच्याजवळ होतं, पण ते फळ्यावर लिहिण्यासारखं नव्हतं.

शाळेतून बाजाराकडे उतरताना तिच्या पायांखाली धाराशिवचा रस्ता होता आणि डोळ्यांपुढं तुळजापूरचा. तिथं देवळाकडे चढणाऱ्या गल्लीत अंबादासपंतांचं, तिच्या वडिलांचं, तुपाचं दुकान होतं. आई ती पाच वर्षांची असतानाच गेली. तेव्हापासून घर म्हणजे ती, वडील आणि तुपाचा वास. अणदूरची हरणाबाई आठवड्यातून दोनदा डोईवर लोणी घेऊन यायची. हरणाबाई धनगराची, घरी चार म्हशी. दुधाची मडकी ती बोरीच्या लाकडाच्या धुरावर धुपवून घ्यायची, म्हणून तिच्या लोण्याला तळाशी अगदी पुसट धुराचा वास असे. वडील ते लोणी विड्याचं पान घालून कढवायचे. तूप निवलं की रवाळ दाणे धरायचं. यात्रेकरू मुद्दाम विचारत यायचे, “पंतांचं दुकान कुठलं?” समोरच्या बाजूला नारायणरावांचं दुकान होतं. तेही तूपच विकायचे. भांडण कधी झालं नाही. उलट नारायणराव वडिलांना नमस्कार करायचे, तिला खडीसाखर द्यायचे.

एक्कावन्न सालच्या नवरात्रात, दुसऱ्या माळेला, सोलापूरकडच्या एका बाईनं नारायणरावांना सहज विचारलं, “समोरच्यांचं तूप कसं आहे हो? होमाला घ्यायचंय.” सरोजिनी तेव्हा एकोणीस वर्षांची, दुकानाच्या पायरीवर पाट्या पुसत होती. तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. नारायणराव म्हणाले, “अंबादासपंत देवमाणूस. तुपाचं मी काय सांगू? ज्याचं त्यानं बघावं.” आणि हसले. बस्स, एवढंच. शिवी नाही, आरोप नाही, खोटं एक अक्षर नाही. सहाव्या माळेपर्यंत अंबादासपंतांच्या तुपात चरबी असते हे तुळजापुरात सगळ्यांना माहीत झालेलं होतं. ‘माहीत झालेलं’, कुणी सांगितलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. अष्टमीच्या होमाला त्यांच्या दुकानातून एक पळीभर तूप गेलं नाही. वडिलांनी हैदराबादला तूप तपासायला पाठवलं, शुद्ध असल्याचा शिक्क्याचा कागद आणून भिंतीवर लावला. लोक म्हणाले, एवढं चोख असतं तर कागद कशाला लावावा लागला असता? मग वडील रोज सकाळी दुकानाच्या उंबऱ्यावर बसून वाटीभर तूप लोकांदेखत बोटांनी खायला लागले. येणारे-जाणारे बघायचे आणि पुढं व्हायचे. हे दृश्य तिला पुढं कित्येक वर्षं दिसत राहिलं. हनुवटीवर ओघळलेलं तूप, पुसायचं भान नाही, आणि ओळखीचा माणूस आला की डोळ्यांत येणारी ती आशाळभूत चमक. सहा महिन्यांत दुकान बंद झालं, दोन वर्षांत वडील. नारायणरावांनी पुढं जिल्ह्याच्या गावी, धाराशिवात, मोठं दुकान टाकलं. मामाकडं राहून शिकताना तिनं अर्थशास्त्र घेतलं, तेव्हा मामा म्हणाले, बाईमाणसाला हा विषय कशाला? तिला पुस्तकात एक गोष्ट शोधायची होती. भाव कशानं पडतो, ह्याच्या कारणांच्या यादीत ‘एक माणूस हसला’ हे कुठं लिहिलंय का. तिनं बी. ए. होईपर्यंत शोधलं. नव्हतं लिहिलेलं.

दुकानापुढं बायकांची ही गर्दी. काउंटरमागे नारायणराव बसलेले. केस पांढरे झालेले, अंगानं भरलेले, कपाळावर गंध. तिच्या गल्लीतली शिवकांताबाई रांगेत होतीच; तिनं हाका मारून सरोजिनीला पुढं घेतलं. “अवं, ह्या शाळेच्या बाई हायत. यज्ञाचं तूप न्यायला आल्यात. ह्येंचा बाप तुपातलाच मानूस होता, तुळजापूरचा. ह्यास्नी कळतंय.” नारायणरावांनी वर बघितलं. ओळखीची एक सुरकुती हलली की नुसतं गिऱ्हाइकाचं स्वागत होतं ते, तिला कळलं नाही. “या, बाई, या. शाळेचं काम म्हंजे देवाचं काम. आधी वास घ्या, मग बोला. आपल्याकडं झाकून काय न्हाय.” त्यांनी डब्यातून बोटभर तूप काढून तिच्या हाताच्या पाठीवर ठेवलं. तिनं ते चोळलं आणि हात नाकाशी नेला.

पहिल्यांदा विड्याचं पान आलं. मग दाणा विरघळला, आणि मग अगदी तळातून, विहिरीतून हाक यावी तसा, बोरीच्या लाकडाचा धूर आला. तिचे डोळे आपोआप मिटले. हे तिच्या घरचं तूप होतं. हरणाबाईचं लोणी, वडिलांची कढवण्याची रीत. ह्या माणसानं गिऱ्हाईक नेलं, नाव नेलं, आणि शेवटी वासही उचलून आणून ह्या काउंटरवर दहा रुपये शेरानं मांडला. दहा वर्षांत तिनं ह्याचं काय काय करायचं म्हणून ठरवलं होतं! भर बाजारात तोंडावर सांगायचं, पत्र छापायचं, कधी कधी तर नुसतं त्याच्या दारात बसून मरायचं. त्यातलं काहीच करावं लागलं नाही. ती फक्त थांबली. डोळे उघडले, हात पुन्हा एकदा नाकाशी नेला, कपाळाला एक बारीक आठी पडू दिली आणि पदरानं हाताची पाठ पुसून टाकली. नीट, दोनदा.

“काय झालं, बाई?” शिवकांताबाईनं विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “राहू द्या. देवाचं काम आहे.”

आणि वळली. हरणाबाईचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि दारातून आत येणाऱ्या गुराला हाकलावं तसा तिनं तो हाकलला. पायऱ्या उतरेपर्यंत पाठीमागं शिवकांताबाईचा आवाज आला होता, “बघू, बघू. मलाबी लावा. अगं बया, व्हय की. कसला तरी वास येतोय. जळकट!”

पुढचे दहा दिवस सरोजिनी सुखी होती. सुख हा शब्द ती वापरत नसे, पण दुसरा कुठला वापरायचा? सकाळी उठल्यावर अंग हलकं असे. भाकरी चवीला लागे. सोमवारी शिवकांताबाई सांगत होती, नारायणरावाच्या तुपाला जळकट वास येतो. बुधवारी पाणवठ्यावर, तो मेलेल्या जनावरांचं हाड उकळून घालतो. शनिवारी शिक्षिकांच्या खोलीत खुद्द प्रमोदिनीबाई खाली आवाजात म्हणाल्या, “त्यांच्याकडची मांजर ते तूप खात नाही म्हणे.” सरोजिनी वही तपासत होती. तिनं मान वर केली नाही. इतकं सोपं होतं हे? वडिलांचं आयुष्य ज्यानं मोडलं ते हत्यार इतकं हलकं होतं, की उचलताना मनगटाला कळूसुद्धा नये? ती रोज शाळेतून येताना वाट वाकडी करून त्या दुकानावरून जायची. रांग आधी अर्धी झाली, मग दोन-चार बायका, मग कुणीच नाही. नारायणरावांनी पाटी लावली, नऊ रुपये. मग आठ. मग सहा. तिच्या फळ्यावरच्या रेषेप्रमाणं आता गिऱ्हाइकानं धावत यायला हवं होतं. पण भाव जसजसा उतरला तसतशी लोकांची खात्री पटत गेली. “चांगलं असतं तर सहाला इकलं असतं का?” दोन दुकानं सोडून एकजण वनस्पती मिसळलेलं तूप बारा रुपयांनी विकत होता आणि त्याच्या दारात माणसं हमरीतुमरीवर येत होती, बाराला आहे म्हणजे असलंच पाहिजे चोख. तिला हसू आलं. एवढी मोठी माणसं, इतकी जाडजूड पुस्तकं! आणि त्यांना ही शिवकांताबाई भेटली नाही. मुलींना ती त्या आठवड्यात भाव-मागणीचा नियम पुन्हा शिकवत होती, आणि तिचा आवाज असा खणखणीत लागला होता की शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन डोकावून गेल्या.

एकतीस तारखेला दुपारी नारायणराव तिच्या घरी आले. बुधवार होता, शाळा सकाळची. टोपी हातात, चपला पार फाटकाबाहेर काढलेल्या. गल्लीतल्या तीन दारांत बायका उभ्या राहिल्या. सरोजिनीनं त्यांना ओसरीवर बसायला सतरंजी दिली आणि पाणी दिलं नाही.

“बाई, तुमी कुनाची लेक हे मला परवा कळलं,” ते म्हणाले. “शिवकांताबाई तवाच म्हनली हुती, पन गर्दीत ध्यानात आलं न्हाय. पंतांची सरू. केवढीशी हुतीस. हुतात.”

“हो.”

“पंत लई सरळ मानूस. त्येंचं वाईट झालं.”

दहा वर्षं जपलेली वेळ समोर आली होती, आणि तिला वाटलं तसं काही होत नव्हतं. कानांत घण वाजत नव्हते. उन्हात सतरंजीवर एक म्हातारा बसला होता आणि त्याच्या नाकपुड्या सारख्या हलत होत्या. “वाईट कशानं झालं, नारायणराव?” तिनं विचारलं.

“लोक बोलाय लागले. चरबी हाय म्हून.”

“पहिल्यांदा कोण बोललं?”

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. ते नाटक नव्हतं. नाटक असतं तर तिला बरं वाटलं असतं. “कुनास ठावं. नवरात्रात उठलं हुतं येवढं आठवतंय.”

मग तिनं त्यांना सांगितलं. दुसरी माळ, सोलापूरकडची बाई, देवमाणूस, ज्याचं त्यानं बघावं, आणि नंतरचं ते हसणं. शब्द न् शब्द. नारायणराव ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, “म्हनलो असन, बाई. न्हाय म्हनत न्हाय. धंद्यात मानूस दिसाला शंभर वाक्यं बोलतो. त्यातलं कुठलं कुठं जाऊन पडतं, कुनाला सांगता येतं?” आणि एकदम पुढं सरकून, गल्लीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, “मला एक खरं सांगा. वास हुता का?”

तिला कळलं नाही.

“तुमी घेतलात तवा. धुराचा वास मला म्हाईत हाय, त्यो अणदूरच्या त्या धनगरणीच्या मडक्याचा. पंतांकडंबी त्योच हुता, म्हून तर म्या तिचं लोनी धरलं. पन आता कुठला तरी दुसराबी येतोय मला. चार दिस झालं. रातचं हात धुतो तरी येतोय. भाकरीला येतोय.” त्यांनी स्वतःची बोटं नाकाशी नेली, हुंगली आणि चोरी सापडल्यासारखी खाली घेतली. “त्या बाईचं लोनी बंद केलं म्या. बाजारात बी आता कुनी घेईना तिचं. तरी वास जाईना. तुमाला नाक हाय, बापाचं. तुमी सांगा, हाय का न्हाय?”

ही तिची जीत होती. ह्याहून मोठी ती मागूच शकली नसती. तिनं त्या माणसाचं नुसतं गिऱ्हाईक नेलं नव्हतं, त्याचं नाकच नेलं होतं. आणि नेमक्या त्याच क्षणी, नको असताना, तुळजापूरच्या स्वयंपाकघरातला उजेड आला. नवरात्र संपल्यावरची एक दुपार. वडील समोर जेवायला बसलेले. तिनं गरम भातावर तूप घातलं, पहिला घास उचलला आणि तोंडाशी नेता नेता थांबली. हुंगलं. क्षणभरच. जन्मापासून तेच तूप खाल्लेलं, हरणाबाईचा धूर ओळखीचा, तरीही. गावभर इतकी माणसं म्हणत होती. काहीतरी असेल का? मग तिनं घास खाल्ला, नंतर मागून दुसऱ्यांदा भात घेतला. पण वडिलांनी पाहिलं होतं. ताटावरून उठताना त्यांनी हात जमिनीला टेकवला, तसा तो त्यापूर्वी कधी टेकवलेला तिनं पाहिला नव्हता. लोकांदेखत उंबऱ्यावर बसून तूप खायला त्यांनी सुरुवात केली ती दुसऱ्या दिवशी. दहा वर्षं ती नारायणरावांचं हसणं घोकत होती ते हा घास खाली दडपून ठेवायला, हे तिला आत्ता, ह्या माणसासमोर कळायचं होतं का? तिच्या अंगातून एक तिडीक गेली. ती कुणावरची, ते तिनं बघितलं नाही. समोर होता त्याच्यावर ती गेली.

“तुपाचं मी काय सांगू?” ती म्हणाली. “ज्याचं त्यानं बघावं.”

नारायणराव टोपी घालून उठले. फाटकापर्यंत जाताना त्यांची बोटं दोनदा नाकाशी गेली.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी वर्गात, हजेरी घेता घेता तिला हरणाबाई दिसली. डोईवर लोण्याची मडकी घेऊन तुळजापूरच्या बाजारात एका दारातून दुसऱ्या दारात, आणि प्रत्येक दारात एक एक बाई हाताची पाठ पुसते आहे. वडिलांचं दुकान रिकामं पडलं होतं तेव्हा शेवटच्या महिन्यापर्यंत लोणी आणून देणारी ती एकटी. “खपंल, पंत. लोकांची नाकं चार दिस बिघडत्यात,” म्हणायची. सरोजिनी हजेरीत दोन नावं चुकली.

तीन तारखेला, शनिवारी, शाळेमागच्या मैदानावर मांडव भरला. सकाळपासून स्वाहाकार चालले होते. सगळं गाव आंघोळी करून आलेलं, म्हातारी माणसं ठेवणीतले कपडे नेसून, जणू कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून जायचंय. कुंडात तुपाच्या धारा पडत होत्या आणि ज्वाळेबरोबर उठणारा वास वनस्पती तुपाचा होता. बारा रुपये शेराचा. एवढ्या माणसांत तो एकट्या तिलाच येत होता. बायका हात जोडून म्हणत होत्या, काय घमघमाट सुटलाय! ती शिवकांताबाईजवळ जाऊन बसली. प्रमोदिनीबाई पुढंच होत्या. “मला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “नारायणरावांचं तूप चोख होतं. वासबीस काही नव्हता. मी मुद्दाम थांबले. माझं त्यांच्याशी जुनं वैर आहे.”

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. प्रमोदिनीबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “ते घरी आले होते ना तुमच्या?”

“आले होते. त्याचा काही...”

“आमी बघितलं की,” शिवकांताबाई म्हणाली. “धाक घातला व्हय त्येनं? का हातापाया पडला? बाई, तुमी एकट्या राहता, भिऊ नगा. गल्ली हाय ना तुमच्या पाठीशी.”

“अहो, मी खरं सांगते आहे. मी खोटं वागले.”

“तुमी खोटं वागनाऱ्यातल्या न्हाय,” शिवकांताबाई ठामपणे म्हणाली. “आन मलाबी वास आला हुता. माझं नाक काय खोटं हाय?”

मागच्या दोन बायका पुढं सरकल्या. त्यांनाही आला होता. एकीला तर आदल्या वर्षीच आला होता, पण बोलली नव्हती. संध्याकाळपर्यंत मांडवात नवी बातमी होती, नारायणरावानं बाईंना धमकावून शब्द फिरवायला लावला. सरोजिनी खांबाला टेकून बसून राहिली. कुंडापलीकडं जोडलेले हात, मिटलेले डोळे, पुटपुटणारे ओठ. ह्यांच्यातल्या कुणीही वाईट नव्हतं. ह्यांच्यासारख्याच चांगल्या माणसांनी तिच्या बापाला उंबऱ्यावर बसवलं होतं. नारायणरावांनी एक वाक्य टाकलं होतं, तिनं एक आठी. बाकी सगळं ह्यांनी आपल्या घरचं घातलं. एकट्यादुकट्याचा सूड घेता येतो. ह्यांचा कसा घ्यायचा? आणि तिला वाटलं, बुडू दे. येऊ दे ते आठ ग्रह. ग्रहांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, पण त्या तीन दिवसांत सगळ्या धाराशिवात जग बुडावं म्हणून मनापासून वाट पाहणारी ती एकटीच होती.

बुडालं नाही. पाच तारीख मावळली, लोकांनी साखर वाटली, आणि यज्ञानं जग वाचवलं हेही सगळ्यांना माहीत झालं. तुपाचा भाव आठवड्यात साडेपाचावर आला. आता पुस्तकातला नियम पुन्हा नीट चालू लागला. नारायणरावांनी उरलेले डबे येडशी स्टेशनावरून बार्शीच्या व्यापाऱ्याला दिले. तिथं कुणाला काही माहीत नव्हतं. म्हणे हातोहात गेलं. तुपाच्या जागी त्यांनी लोखंडी सामान मांडलं. खिळ्यांना वास नसतो. त्यांचं काही फार बिघडलं नाही.

अकरा तारखेच्या रविवारी सरोजिनी एस. टी. नं अणदूरला गेली. तुळजापुरात गाडी बदलताना तिनं देवळाकडं पाहिलं नाही. खंडोबाच्या देवळामागं धनगरांची घरं, विचारत विचारत सापडलं. अंगणात चार खुंट होते आणि एकच म्हैस. हरणाबाई गोवऱ्या रचत होती. पाठ वाकलेली, पण हात तेच. तिनं डोळ्यांवर आडवा पंजा धरून पाहिलं.

“कोन? पंतांची सरू?” तिचा चेहरा फुलला. “अगं माय! किती वर्सांनी. बस, बस. उन्हाची आलीस. ताक देते.”

“हरणामावशी, म्हशी?”

“ईकल्या दोन. एक भाकड हुती, ती अशीच दिली. लोनी कुनी घेईना बग. धाराशिवात कायतरी उठलं, जळकं हाय म्हून. आजेसासूपास्नं मडकी धुपवतोय आमी, कुनाला कदी जळकं लागलं न्हाय. बिरू माझा रस्त्याच्या कामावर जातोय खडी फोडाया.” बोलता बोलता तिनं कासंडीतून पितळेच्या वाटीत ताक ओतलं, मिठाचा खडा टाकला आणि वाटी सरोजिनीपुढं ठेवली. “घे.”

सरोजिनीनं वाटीला हात लावला नाही. “मावशी, ते मी उठवलं.” आणि सगळं सांगितलं. दुकान, हाताची पाठ, आठी, पदर. वास तुमच्याच लोण्याचा आहे हे मला कळलं होतं, हेही. माझ्या बापाचा सूड म्हणून केलं, हेही. तिनं स्वतःला वाचवणारा एकही शब्द वापरला नाही. एक म्हैस तेवढी शेपटी हलवत होती.

हरणाबाईनं मध्ये एकदाही ‘खरं का?’ असं विचारलं नाही. तिनं लगेच मानलं. इतक्या दिवसांत सरोजिनीवर विश्वास ठेवणारं हे पहिलं माणूस होतं.

“नारायनरावाला लागलं का?” तिनं विचारलं.

“फार नाही. त्यांनी दुसरं दुकान घातलं.”

“हं.” हरणाबाईनं वाटी उचलली. उठून म्हशीच्या घमेल्यात ताक ओतलं, वाटी राखेनं घासली, धुतली आणि पालथी घातली. हे सगळं तिनं सावकाश केलं.

“मावशी, तुम्ही गावात सांगा. बाजारात सांगा, मी केलं म्हणून. माझं कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील. मी येते बरोबर.”

“न्हाय,” हरणाबाई म्हणाली. “म्या कुनाला सांगनार न्हाय. बिरूलाबी न्हाय.”

“का?”

“सांगितलं तर लोक तुला बोलतील. चार दिस थुकतील. मंग इसरतील, आन तुझं वज्झं हलकं हुईल. म्या कशापायी हलकं करू?” तिचा आवाज चढला नव्हता. “पंत गेले तवा म्या रडले हुते. जा आता. येष्टी चारला हाय, वड्याच्या कडनं गेलीस तर लौकर पोचशील.”

ती गोवऱ्यांकडं वळली आणि रचायला लागली. एकावर एक, मध्ये हवेला फट ठेवून, वर्षानुवर्षं रचत आली होती तशी. अंगणात कुणी उभं आहे हे तिला आता दिसत नव्हतं. सरोजिनीनं घड्याळात पाहिलं. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. एस. टी. ला अजून जवळजवळ दोन तास होते.